मोतीचा निरोप आणि तुमचा निरोप

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. मोती सहा वर्षांचा आहे, ३० किलो वजनाचा आहे आणि पिल्लू असल्यापासून तुमच्याकडे आहे. मागच्या वर्षी सासूबाईंच्या खुब्याचे हाड मोडले. तेव्हापासून त्या काठीच्या आधाराने चालतात आणि मोतीने आनंदाने अंगावर उडी घेतल्यामुळे दोनदा पडता पडता वाचल्या. तुम्ही दोघेही दिवसभर कामावर असल्याने मोतीला रोज दहा तास एका खोलीत बंद राहावे लागते. प्रशिक्षक नेमून, दिवसा सांभाळायला माणूस ठेवून, दाराला जाळी बसवून आठ महिने प्रयत्न केल्यावर तुम्ही त्याला दुसरे घर द्यायचे ठरवले आहे आणि एका कुटुंबाशी बोलणे सुरू आहे. आपण त्याला टाकून दिले असे त्याला वाटू नये यासाठी काय करावे, नंतर त्याला भेटायला जावे का, आणि स्वतःला व आठ वर्षांच्या मुलाला कसे सावरावे, असे तुम्ही विचारले आहे.

कुत्र्यांच्या वर्तनावर मी २० वर्षांहून अधिक काळ काम करते आहे आणि एका घरातून दुसऱ्या घरात जाणारे कुत्रे हा त्या कामाचा मोठा भाग आहे. तुमचा निर्णय बरोबर की चूक हा प्रश्न मी पुन्हा उघडणार नाही. कुत्रा अचानक चिडका झाला म्हणून तो देऊ पाहणाऱ्यांना मी आधी पशुवैद्याकडे पाठवते, कारण त्या चिडचिडीमागे पुष्कळदा सांध्यांचे, दातांचे किंवा कानांचे दुखणे निघते. एकटे राहण्याच्या भीतीने घर डोक्यावर घेणाऱ्या कुत्र्यांनाही औषध आणि सराव यांच्या मदतीने त्याच घरात राहता येते. तुमच्या घरात मोतीचे काहीच बिघडलेले नाही, घराची परिस्थिती बदलली आहे आणि ती नजीकच्या काळात पुन्हा पहिल्यासारखी होणार नाही. तेव्हा आता सगळी शक्ती हे काम नीट पार पाडण्यात घालावी, असे माझे मत आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. मोतीचा निरोप आणि तुमचा निरोप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला त्याला जवळ घ्यायचे असेल, रडायचे असेल, क्षमा मागायची असेल, आणि हे सगळे करायला तुम्हाला जागा मिळालीच पाहिजे. मोतीला मात्र यातले काहीच उपयोगी पडत नाही. त्याला हवी असतात ओळखीची माणसे, ओळखीचे वास, सवयीचे वेळापत्रक आणि आपल्याला समजून घेणारे नवे घर, आणि ही तयारी शेवटच्या दिवशी दारात होत नाही, त्याआधीच्या काही आठवड्यांत होते. हे दोन निरोप एकाच क्षणी उरकायला गेले की माणसाचे दुःख कुत्र्याच्या अंगावर येते आणि कुत्र्याची घाबरलेली नजर पुढे वर्षानुवर्षे माणसाच्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

‘मला टाकून दिले’ असे त्याला वाटेल का? कुत्र्याची माणसाशी जडलेली ओढ खरी असते, हे आज कोणाला सिद्ध करून दाखवावे लागत नाही. लहान मूल आईला किती घट्ट बांधलेले आहे हे पाहण्यासाठी मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक पद्धत बसवली होती. अनोळखी खोलीत आई थोडा वेळ मुलाजवळ असते, मग बाहेर जाते आणि परत येते, आणि त्या वेळी मूल काय करते याची नोंद होते. बुडापेस्टमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये हीच पद्धत कुत्रे आणि त्यांचे पालक यांच्यावर वापरली. पालक खोलीत असताना कुत्रे मोकळेपणाने खेळत आणि जागा हुंगत, पालक बाहेर गेला की दाराशी थांबत आणि तो परत आल्यावर अनोळखी माणसापेक्षा कितीतरी अधिक ओढीने त्याच्याकडे धावत. म्हणजे मोतीला तुमची उणीव जाणवणार आहे. तो तुम्हाला शोधेल, दाराकडे पाहील, कान टवकारेल. यातले काही होणार नाही असे सांगून मी तुमची समजूत काढणार नाही.

याच गटातल्या संशोधकांनी पुढे, २००१ मध्ये, निवारा केंद्रांतल्या प्रौढ कुत्र्यांवर काम केले. एका अनोळखी व्यक्तीने प्रत्येक कुत्र्याबरोबर फक्त तीन वेळा, दर वेळी १० मिनिटे घालवली, आणि तेवढ्याने ते कुत्रे चाचणीत त्या व्यक्तीशी आपल्या माणसाशी वागावे तसे वागू लागले. ते कुत्रे माणसाच्या सहवासाला आसुसलेले होते हे खरे, पण नवे नाते जोडण्याची ताकद प्रौढ कुत्र्यात शाबूत असते, हे त्यातून दिसले. अंध व्यक्तींच्या मार्गदर्शक कुत्र्यांचे आयुष्य पाहा. साधारण दोन महिन्यांचे पिल्लू एका कुटुंबात वाढायला जाते, वर्ष-सव्वा वर्षाने प्रशिक्षण केंद्रात जाते, तिथून अंध व्यक्तीच्या घरी आणि निवृत्त झाल्यावर अनेकदा आणखी एका घरी. प्रत्येक वेळी नव्या माणसांशी त्याची खरी गट्टी जमते.

राहिला तो ‘टाकून दिल्याचा’ प्रश्न. आपल्या माणसाने पर्याय असताना आपल्याला सोडले, असा अर्थ लावण्यासाठी दुसऱ्याच्या हेतूंची जी साखळी मनात जुळवावी लागते, ती कुत्रा जुळवतो याचा पुरावा नाही. आपण मात्र त्याच्या चेहऱ्यावर ती साखळी वाचतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये कुत्र्यांच्या ‘अपराधी’ चेहऱ्याचा अभ्यास केला. कुत्र्याने खरोखर चूक केली होती की नाही याचा त्या चेहऱ्याशी संबंध नव्हता, पालक रागावला की तो चेहरा दिसत होता. निरोपाच्या दिवशी मोती तुमच्याकडे पाहील तेव्हा हे आठवा. तुम्हाला त्या नजरेत आरोप दिसेल, आणि तो बहुधा तुमच्याच मनातला असेल. ‘आज ही अशी का वागते आहे’ एवढाच गोंधळ त्याच्या डोळ्यांत असेल.

आता नव्या घराविषयी. तुमचे प्रेम आता सर्वांत जास्त कुठे कामाला येणार असेल तर ते घर निवडण्यात, म्हणून इथे घाई करू नका आणि संकोचही करू नका. त्या कुटुंबाला निदान एकदा त्यांच्या घरी जाऊन भेटा. मोती दिवसाचे किती तास एकटा राहील, रात्री कुठे झोपेल, बाहेरगावी जाताना त्याला कोण सांभाळेल, घर भाड्याचे असेल तर घरमालकाची परवानगी आहे का, हे सरळ विचारा. घरातल्या सगळ्यांना कुत्रा हवा आहे का, हे ज्याला तो कमी हवा आहे त्याच्याच तोंडून ऐका, कारण महिन्याभराने परत आलेल्या कुत्र्यांच्या गोष्टीत असा एक नाराज माणूस बहुतेक वेळा असतो. आधी कुत्रा पाळला असेल तर त्याचे शेवटी काय झाले, हेही विचारा. जे कुटुंब तुम्हाला उलट अवघड प्रश्न विचारते, दोन दिवस विचार करायला मागते, ते मला आवडते. फोटो पाहून ‘आजच घेऊन जातो’ म्हणणाऱ्याला मी कुत्रा देत नाही.

तुम्हीही काही लपवू नका. हे मी जोर देऊन सांगते, कारण तुमच्या पत्रात ओझरते एक वाक्य आहे: खात असताना मुलाने भांड्याला हात लावला तेव्हा मोती दोनदा गुरगुरला होता. हे नव्या कुटुंबाला पहिल्याच भेटीत सांगा. अन्नाची राखण करणारा कुत्रा वाईट नसतो. गुरगुरून तो आधी सूचना देतो आणि त्याला शांतपणे, एका बाजूला जेवू दिले तर बहुतेक घरांत ही अडचण राहत नाही. पण ज्या घरात हे माहीत नाही तिथे एखादे मूल हात घालेल, चावा बसेल, आणि त्या चाव्याची शिक्षा मोती भोगेल. गडगडाटाला घाबरणे, दुचाकीमागे धावणे, मांजर दिसले की पट्टा ओढणे, सगळे सांगा. कुत्रा एकटा राहिला की दार ओरबाडून पळतो, ही गोष्ट एका कुटुंबाने ‘नाहीतर कोणी घेणार नाही’ म्हणून माझ्यापासून आणि नव्या घरापासून लपवली होती. नवव्या दिवशी तो कुत्रा पळाला आणि चार दिवसांनी सापडला तेव्हा त्याच्या पायाचे हाड मोडलेले होते. आधी कळले असते तर मी त्याच्यासाठी असे घर शोधले असते, जिथे दिवसभर कोणीतरी असते. चुकीच्या घराने तुम्हाला नकार देण्यात मोतीचे भलेच आहे.

मोतीची एक वही तयार करा. लसीकरणाची नोंद, आजारपणे, औषधे यांच्याशिवाय तिच्यात त्याचे रोजचे जगणे यायला हवे. तुम्ही ‘बस’ म्हणता की ‘खाली बस’, आणि कुठल्या सुरात. बाहेर जायचे असेल तेव्हा तो दाराशी उभा राहतो की येऊन गुडघ्याला नाक लावतो. कुठे खाजवलेले आवडते आणि कुठे हात लावलेला खपत नाही. घाबरला की आधी जीभ ओठांवरून फिरवतो की अंग ताठ करतो. तुम्हाला हे इतके पाठ आहे की ते माहिती म्हणून सुचणारच नाही, म्हणून आठवडाभर वही स्वयंपाकघरात उघडी ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाला दिसेल ते लिहू द्या. एक-दोन छोटी चित्रणेही द्या, आवाजाचा सूर कागदावर उतरत नाही.

पुढचे तीन-चार आठवडे ओळख वाढवण्यात घालवा. पहिली भेट दोन्ही घरांच्या बाहेर, मोकळ्या जागी, चालता चालता व्हावी. समोरासमोर उभे राहून हात पुढे करणाऱ्या अनोळखी माणसापेक्षा शेजारून चालणारा माणूस कुत्र्याला लवकर आपला वाटतो. मग पट्टा त्यांच्या हाती जाऊ द्या. त्यानंतर तुम्ही सोबत असताना दोन तास त्यांच्या घरी, मग तुमच्याशिवाय अर्धा दिवस आणि जमले तर एक रात्र. या काळात एक मोह टाळायचा आहे. आता थोडेच दिवस उरले म्हणून घरे कुत्र्याला अंथरुणात घेतात, ताटातले भरवतात, क्षणभरही नजरेआड करत नाहीत. आपले मन त्याने निवते, पण कुत्रा नव्या घरी जातो तेव्हा त्याला दरी आणखी मोठी लागते. त्यापेक्षा नव्या घरात त्याला जमिनीवर गादीवर झोपायचे असेल तर आत्तापासून तीच गादी वापरा, आणि ती धुऊ नका. मोतीलाही शेवटच्या आठवड्यात आंघोळ घालू नका. अंथरूण, एखादे चघळून जुने झालेले खेळणे आणि तुमचा वापरलेला सदरा सोबत जाऊ द्या. अन्न किमान दोन आठवडे तेच राहावे, आणि बदलायचेच असेल तर सात ते दहा दिवसांत थोडे थोडे मिसळून बदलावे, नाहीतर ताण आणि नवे अन्न मिळून पोट बिघडते.

कागदपत्रांचे काम कोरडे आहे, पण ते टाळू नका. रेबीजची लस चालू आहे का ते पाहा, नसबंदी झाली नसेल तर आधी करून घ्या, चालू औषधांचा दोन-तीन आठवड्यांचा साठा सोबत द्या. मोतीला मायक्रोचिप असेल तर तिच्यात फक्त एक क्रमांक असतो, बहुतेक ठिकाणी १५ अंकी. नाव-पत्ता वेगळ्या नोंदणीत असतो आणि तो तुम्हालाच बदलून द्यावा लागतो, नाहीतर हरवलेल्या मोतीसाठी फोन तुम्हाला येईल आणि नवे घर त्याला रस्तोरस्ती शोधत राहील. दोन्ही घरांच्या सहीचा एक साधा कागद करा. त्यात तीन गोष्टी पुरेत: दोन ते तीन आठवड्यांचा चाचणीचा काळ, मोती कायदेशीररीत्या कोणाचा झाला ती तारीख, आणि काही कारणाने त्याला ठेवता आले नाही तर तो तिसऱ्याला न देता आधी तुम्हाला कळवायचे, ही अट.

निरोपाचा दिवस शक्य तितका साधा असावा. आदल्या रात्री किंवा पहाटे, मोती दुसऱ्या खोलीत असताना, हवे तेवढे रडून घ्या. त्याच्याशी जे बोलायचे ते आधीच्या आठवड्यात, तो तुमच्या पायाशी पेंगत असताना हळू आवाजात बोला. त्याला शब्द कळणार नाहीत, पण स्वर शांत असेल. त्या दिवशी सकाळी नेहमीची फेरी थोडी लांब करा. मग नव्या कुटुंबातला त्याच्या सर्वांत ओळखीचा माणूस येईल, तुम्ही सगळे मिळून थोडे चालाल, आणि वाटेत पट्टा त्यांच्या हाती देऊन तुम्ही वळाल. नव्या घरी त्याला सोडून तुम्ही दारातून बाहेर पडण्यापेक्षा ही रीत मला नेहमी बरी वाटली आहे. तुम्ही ज्या दारातून गेलात त्या दाराशी कुत्रा बसून राहतो. चालत्या पायांनी ओळखीच्या माणसाबरोबर निघालेल्या कुत्र्याचे नाक पुढच्या वासात गुंतते. त्याला घट्ट मिठी मारू नका, कित्येक कुत्र्यांना तशीही आवळून धरलेली मिठी कोंडल्यासारखी वाटते. आणि रोज कामावर जाताना ‘येते हं’ म्हणत असाल तर ते शब्द त्या दिवशी उच्चारू नका. त्या शब्दांनंतर तुम्ही आजवर दर वेळी परत आला आहात. फिरायला निघताना जे म्हणता तेच म्हणा आणि जा.

सुरक्षेचे एक सांगायचे राहिले. पहिल्या काही दिवसांत कुत्रा निसटण्याचा धोका सर्वांत जास्त असतो, कारण पळाला तर तो जुन्या घराच्या दिशेने निघतो आणि वाट त्याला माहीत नसते. गळ्यातला पट्टा आणि अंगावरचा हार्नेस, दोन्हींना दोरी लावलेली असावी, आणि गळ्यातल्या बिल्ल्यावर नवा फोन क्रमांक त्या दिवसाच्या आधीच असावा.

पुढे काय दिसेल तेही आधी माहीत असलेले बरे. पहिले एक-दोन दिवस मोती कमी खाईल, खूप झोपेल किंवा अजिबात स्वस्थ बसणार नाही, दाराशी जाऊन उभा राहील, कदाचित रात्री कण्हेल. निवारा केंद्रांत आलेल्या कुत्र्यांमध्ये ताणाशी निगडित कॉर्टिसॉल हे संप्रेरक पहिले तीन दिवस ठळकपणे वाढलेले आढळले आहे, तेव्हा त्याचे शरीरही हा बदल पेलत असते. त्याने पाणी पिणे थांबवले, दिवसभर लघवी केली नाही, वारंवार उलट्या झाल्या किंवा तिसऱ्या दिवशीही काही खाल्ले नाही तर पशुवैद्याकडे न्यावे. तीन दिवसांत धक्का ओसरतो, तीन आठवड्यांत दिनक्रम बसतो, तीन महिन्यांत घर आपले वाटते, असे आमच्या क्षेत्रात म्हणतात. तो ढोबळ अनुभव आहे, वेळापत्रक म्हणून तो कोणत्याही कुत्र्यावर लादू नये. दोन-तीन आठवड्यांनी, सुरुवातीचा संकोच गेल्यावर, मोती एखाद्या पाहुण्यावर भुंकेल किंवा भांड्यावर गुरगुरेल. ‘आता बिघडला’ असे तेव्हा नव्या कुटुंबाला वाटते, म्हणून हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

भेटायला जावे का? पहिले सहा ते आठ आठवडे जाऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. या काळात तो रात्री कुणाजवळ विसावायचे हे शिकत असतो, आणि तुम्ही तासाभरासाठी येऊन पुन्हा गेलात की दारापाशी वाट पाहणे नव्याने सुरू होते. बातमीसाठी एक दिवस ठरवा, आठवड्यातून एकदा त्यांनी फोटो आणि चार ओळी पाठवाव्यात. रोज विचारलेत तर सुरुवातीला ते प्रेमाने उत्तरे देतील आणि मग आपली परीक्षा चालली आहे असे त्यांना वाटू लागेल. नंतर दोन्ही घरांना हवे असेल तर बाहेर, फिरायच्या जागी भेटा. तो तुम्हाला ओळखेल, उड्या मारेल, कुईकुई करेल. त्याचा अर्थ तो तिथे दुःखी आहे असा लावू नका. जुने सोबती भेटल्यावर आपणही असेच करतो. खरी खूण निघताना दिसते. तो नव्या माणसाच्या हाकेला वळून चालू लागला तर भेटी चालू ठेवता येतील. त्यानंतर चार दिवस तो जेवला नाही, अस्वस्थ राहिला, असे कळले तर मात्र भेटी थांबवा. भेट तुमच्यासाठी असते, हे स्वतःशी कबूल केले की हा निर्णय सोपा होतो.

आता तुमच्याविषयी. या दुःखाला बाहेर जागा मिळत नाही, हीच त्यातली मोठी अडचण आहे. समाज ज्या दुःखाची दखल घेत नाही, ज्यासाठी कोणी भेटायला येत नाही, त्याचा अभ्यास केनेथ डोका यांनी केला आणि १९८९ मध्ये त्याला वेगळे नाव देऊन मांडणी केली. पाळलेल्या प्राण्याचा वियोग त्यात बसतो. पॉलीन बॉस यांनी आणखी एका प्रकारच्या वियोगाबद्दल लिहिले आहे, ज्यात माणूस गेलेला असतो आणि नसतोही, त्यामुळे मनाला दुःख पूर्ण करून ठेवता येत नाही. तुमचे तसेच आहे. मोती जिवंत आहे, कुठेतरी शेपूट हलवतो आहे, फक्त तुमच्याकडे नाही. आणि हे तुम्ही स्वतःच्या हाताने केले आहे. काही लोक म्हणतील ‘कुत्राच तर होता’, काही म्हणतील ‘देववले तरी कसे’. दोघांनाही पटवत बसू नका. जिच्यापुढे खुलासा करावा लागत नाही अशी एक व्यक्ती शोधा आणि तिच्याशी बोला.

शरीराला सवयी असतात आणि त्या मनापेक्षा उशिरा सुटतात. पहाटे सहाला जाग येईल, फरशीवर नखांचा आवाज झाल्याचा भास होईल, दार उघडताना पाय आपोआप आडवा जाईल, तो बाहेर धावू नये म्हणून. त्या वेळी अंथरुणात पडून राहू नका, निदान पहिला महिना पहाटेची फेरी चालू ठेवा. त्याच्या वस्तू एकाच दिवशी काढून टाकायची गरज नाही आणि जागच्या जागी ठेवून त्यांचे देवघर करण्याचीही नाही. आणखी एक भावना येईल, जिच्याबद्दल फार थोडे लोक बोलतात: सुटका. काही रात्रींनंतर तुम्हाला शांत झोप लागेल, सासूबाई निर्धास्तपणे चालताना दिसतील, संध्याकाळी घाईने घरी पळावे लागणार नाही, आणि हे बरे वाटले याचीच तुम्हाला लाज वाटेल. आठ महिने तुम्ही तिघांची काळजी एकटीने ओढली आहे. ओझे उतरल्यावर खांदे हलके होणारच, आणि ज्याच्यासाठी ते ओझे वाहिले त्याच्यावरचे प्रेम त्यामुळे कमी ठरत नाही. अपराधीपणा फारच दाटला तर कागद घ्या आणि काय काय करून पाहिले ते तारखांसह लिहून काढा. मनात फिरणारा आरोप पुराव्याशिवाय फिरतो, कागदावर त्याला उत्तर देता येते.

काही आठवडे उलटूनही झोप, भूक आणि काम पूर्वपदावर येत नसेल तर समुपदेशकाला भेटा, आणि जगणे नकोसे वाटण्याचे विचार आले तर एक दिवसही न थांबता मदत मागा. दुसरा कुत्रा इतक्यात आणू नका. मोतीला ज्या कारणाने जावे लागले ते कारण घरात अजून तसेच आहे.

मुलाला खरे सांगा, आणि आधी सांगा. शाळेतून आल्यावर मोती नाही असे होऊ देऊ नका आणि ‘तो मोठ्या मैदानात राहायला गेला’ असली गोष्टही रचू नका. दहा वर्षांनी ती उघडी पडते आणि मग दुखते ते खोटे बोलणे. मोती दिवसभर एकटा राहतो, ते त्याच्यासाठी बरे नाही, म्हणून त्याच्याबरोबर दिवसभर राहतील अशी माणसे आपण शोधली आहेत, इतके त्याला समजते. निर्णय मोठ्यांनी घेतला आहे हेही स्पष्ट सांगा, ‘देऊया का?’ असे विचारून त्याच्या माथी तो मारू नका. वहीतली काही पाने मात्र त्याची असू द्यात. या वयाची मुले एक प्रश्न मनात ठेवतात आणि तो क्वचितच विचारतात: मी त्रास दिला तर मलाही देऊन टाकाल का? त्याने विचारायची वाट न पाहता त्याला जवळ घेऊन सांगा की कुत्र्याला दुसरे घर देता येते, मुलाला नाही, कधीच नाही.

सासूबाईंना यातून वगळू नका. तुमच्या पत्रात त्यांचे मत कुठेच नाही, आणि मला त्यांची काळजी वाटते. ‘माझ्यामुळे पोराचा कुत्रा गेला’ हे ओझे वृद्ध माणूस कुणाला न सांगता वाहतो. मुलासमोर ‘आजीसाठी’ हा शब्द कारण म्हणून येऊ देऊ नका, आणि त्यांच्याशी एकदा स्वतंत्रपणे बसून बोला. मोती त्यांच्याही पायाशी सहा वर्षे झोपला आहे. निरोपाच्या दिवशी त्यांना खुर्चीवर बसवून, पट्टा तुमच्या हाती आखूड धरून, त्याच्या डोक्यावरून हात फिरवू द्या.

चाचणीच्या काळात नव्या घरी जमले नाही तर काय करायचे, ते आजच ठरवून ठेवा, कारण तो फोन आला तर त्या क्षणी नीट विचार सुचणार नाही. मोती परत आला तर दुसरे घर मिळेपर्यंत त्याला पंधरा दिवस कोण ठेवून घेईल, एवढ्या एका माणसाशी आधी बोलून ठेवा. परत आलेला कुत्रा पुष्कळदा दुसऱ्या वेळी छान रुळतो, कारण काय जमले नाही हे तोवर कळलेले असते आणि वहीत एक पान वाढलेले असते. कागदावर दिलेला तुमचा फोन क्रमांक मात्र मोती आहे तोवर बदलू नका.